पाद्रीणबाईंचं दार

सिनापातीला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. लग्न करून ती पाद्री एलिसाराबरोबर उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या गावात आली, त्या दिवशीच तिचं नाव गेलं आणि ती पाद्रीणबाई झाली. त्याआधी ती सवाई बेटावरच्या खोबरं वाळवणाऱ्या एका माणसाची मुलगी होती. खोगीर न घालता घोड्यावर बसायची, ओहोटीला खडकांवर जाऊन ऑक्टोपस ओढून काढायची, आणि भावाशी भांडण झालं तर त्याला पाण्यात ढकलायलाही कमी करायची नाही. पाद्रीण झाल्यावर हे सगळं सुटलं. तिने टोपली उचलली की चार बायका धावत यायच्या, ती उन्हात निघाली की कुणीतरी डोक्यावर छत्री धरायचं. रविवारी प्रार्थनेनंतर अळूचे कंद, भाजलेलं डुक्कर, नारळाच्या दुधात शिजलेली पानं अशी ताटं घराघरांतून यायची, आणि ती जेवेपर्यंत मुली पंख्याने माशा हाकत बसायच्या. सुरुवातीला तिला हसू यायचं. पुढे सवय झाली, आणि सवयीचं काय सांगावं, ती माणसाला कुठेही बसवते.

एलिसारा गुबगुबीत, हसरा, जिभेचे चोचले पुरवणारा माणूस. बायकोवर त्याचा जीव होता, पण गावाने केलेल्या मानावर त्याहून थोडा जास्तच होता असं तिला कधीकधी वाटायचं. मूलबाळ झालं नाही. गावाने तेही मोठ्या मनाने घेतलं, आम्हीच तुमची मुलं असं दरवर्षी कुणीतरी भाषणात म्हणायचं.

त्याच्या सेवेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ऑकलंड आणि सिडनीला गेलेल्या मुलांनी पैसे पाठवले आणि गावाने पाद्रीबाबांना गाडी घेतली. जपानमध्ये वापरलेली, पण नव्यासारखी, काळ्या काचांची, बटण दाबून सुरू होणारी. सुरू केली की आतून एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी बोलायची. ती काय बोलते ते गावात कुणालाच कळत नव्हतं. एलिसारा दर वेळी तिला गंभीर चेहऱ्याने "आमेन" म्हणायचा आणि मग पोट हलवत हसायचा. गाडी चालवायला पेलेनातो नावाचा तिशीतला एक गडी नेमला. साधा माणूस, गाडी रोज धुवायचा, स्वतःच्या बायकोला मात्र कधी तीत बसवली नाही.

कुलूप आलं ते एका चेष्टेतून. पलीकडच्या गावात लग्न होतं. गाडी थांबली, पेलेनातोची लुंगी सुटली म्हणून तो ती बांधत उभा राहिला, आणि सिनापाती आपलं आपण दार उघडून उतरली. झालं. त्या गावच्या वक्त्याने स्वागताच्या भाषणात ते बरोबर पकडलं. म्हणाला, "या बाई भाग्यवान. यांच्या गावाने यांचे हात वापरायला मोकळे ठेवलेत." मांडव हसला. सिनापातीलाही हसू आलं, पण शेजारी बसलेल्या सेउमानुचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

सेउमानु हा गावातल्या सगळ्यांत मोठ्या घराण्याचा मताई, म्हणजे कर्ता पुरुष, आणि देवळातला थोरला डीकन, म्हणजे पाद्रीच्या हाताखालचा कारभारी. गावाचं नाक तो स्वतःच्या चेहऱ्यावर घेऊन फिरायचा. ते कापलं गेलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सभा भरली, पेलेनातोच्या घराला एका डुकरिणीचा दंड झाला. दंड भरून आल्यावर पेलेनातोने गाडी नखशिखांत तपासली, आणि त्याला मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल असा, एक बारीक खटका सापडला. शेजारी लहान मुलाचं चित्र होतं. खटका खाली केला की दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरून.

"हे चाइल्ड लॉक," तो सभेत सांगायला आला तेव्हा त्याला आपण केवढा शोध लावला असं झालं होतं. "आता बाई चुकूनसुद्धा आपल्या हाताने उतरणार नाहीत."

सेउमानुने मान डोलावली. "काचांचंही बघ. परवा बाईंनी काच खाली करून हात हलवला, रस्त्यावरच्या पोरांना."

काचांनाही कुलूप होतंच, चालकाच्या हाताशी एक बटण. तेही दाबलं गेलं. ज्या घरात पाळणा हलला नाही त्या घराच्या गाडीला मुलांचं कुलूप लागलं, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मान द्यायला निघालेल्या माणसांना थांबवणार कोण? मारायला आलेल्याचा हात धरता येतो. छत्री धरायला आलेल्याचा कसा धरायचा?

"मला आतून दार उघडत नाही," तिने घरी नवऱ्याला सांगितलं.

"तू कशाला उघडायचंस? उघडणारा आहे ना."

"आणि नसला तर?"

"सिना, पंचवीस वर्षांत कधी नव्हता असं झालंय का?"

नव्हतं झालं. एकदा लुंगी बांधण्यापुरता उशीर झाला होता, तेवढाच. तरी त्यानंतर गाडीत बसली की तिचा हात आपोआप कडीवर जायचा, आणि कडी सैल दातासारखी नुसती हलायची.

पुढच्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, डोंगरापलीकडच्या गावात नव्या देवळाचा अर्पणसोहळा होता. चहूकडच्या गावांतले पाद्री आले होते. अशा वेळी पाहुण्यांनी लगेच उतरायचं नसतं. यजमानांची माणसं रांग धरून, गात, घ्यायला येईपर्यंत गाडीतच बसायचं. पेलेनातोने गाडी फणसाच्या झाडाखाली लावली, थंड हवा चालू ठेवली, आणि "सांगून येतो" म्हणून उतरला. सेउमानुची माणसं मागच्या व्हॅनमधून आधीच पुढे गेली होती. पुढच्या सीटवर यजमानांना द्यायचा केक होता, तीन मजली, पांढऱ्या साखरेचा, त्याला पट्टा बांधून माणसासारखं बसवलं होतं. मागे डिकीत छतापर्यंत चटया आणि माशांच्या डब्यांची खोकी.

पेलेनातो सांगायला गेला आणि त्याला कुणीतरी डुकरं उतरवायला धरलं. त्याचा दोष म्हणाल तर एवढाच.

एलिसाराने छातीवर हात ठेवला. आधी म्हणाला, "सकाळचं मटण जड गेलं." मग काहीच म्हणेना. त्याच्या कपाळावर घाम आला, थंड हवा चालू असताना. सिनापातीने कडी ओढली. पलीकडची ओढली. काचेचं बटण दाबलं. मग तिने काचेवर तळहात मारायला सुरुवात केली.

समोर, हाकेच्या अंतरावर, तीनशे माणसं उभी होती. त्यांत न्यूझीलंडहून आलेली एक नर्स होती, ती आपल्या भावाच्या घरून केळ्याचा घड घेऊन आली होती, हे सिनापातीला नंतर कळलं. पण मधे बँड वाजत होता आणि काचा काळ्या होत्या. शिवाय पाद्रीबाबांच्या गाडीत डोकावणं हे कुणाच्या रीतीत बसत नाही. पोरं लांबून हात जोडल्यासारखी उभी. तिने बूट काढून काच ठोकली. एका पोराने हात हलवला.

"सिना," एलिसारा म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "गप्प बस. लोक बघताहेत. येतच असतील."

हे त्याचं शेवटचं बोलणं. तिला ते कधीच कुणाला सांगता आलं नाही, कारण ते ऐकून गाव म्हणालं असतं की बघा, त्यांना तरी कळत होतं.

ती दोन सीटांमधून वाकली आणि तिने हॉर्न दाबला, दाबून धरला. बँडवाल्याला वाटलं, पाहुणे तयार आहेत, लवकर वाजवा असं म्हणताहेत. त्याने काठी उंच केली आणि बँड दुप्पट जोरात सुरू झाला. तेव्हा तिने विचार सोडला. बाई अंगाने भरलेली, पांढरा झगा पायघोळ, वय छप्पन्न. तिने डोकं पुढे घातलं आणि दोन सीटांच्या फटीतून स्वतःला ढकललं. झगा कमरेपासून फाटला. पाय वर, डोकं खाली अशी ती केकमध्ये पडली. तोंडात, नाकात साखर. चाचपडत तिने पुढच्या दाराची कडी ओढली. पुढच्या दाराला कुलूप नव्हतं, पुढे चालक बसतो, त्याला कोण कोंडणार? ती दारातून खाली जमिनीवर आली.

आणि लोक हसले.

फार नाही, एखादा श्वास घ्यावा इतकाच वेळ. समोर पुढच्या दारातून एक पाद्रीणबाई पांढऱ्या साखरेने माखून, एका पायात बूट, हातांवर आणि गुडघ्यांवर बाहेर आलेली. कोण हसणार नाही? मी तिथे असतो तर मीही हसलो असतो. पण तो एक श्वास तिच्या नवऱ्याच्या वाट्याचा होता असं तिला वाटलं, आणि ते तिने कुणालाच माफ केलं नाही.

मग धावाधाव झाली. नर्स आली, तिने एलिसाराला खाली निजवून छाती दाबली. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. तिथल्या तरुण डॉक्टरला सिनापातीने विचारलं, "आधी बाहेर काढलं असतं तर?"

"आधी म्हणजे किती आधी?" त्याने विचारलं, आणि तिचा झगा पाहून तो थांबला. "बाई, सांगता येत नाही," म्हणाला. दाराचा विषय टाळून पुढे सगळ्यांनी तिला तेच सांगितलं, सांगता येत नाही.

अंत्ययात्रा अशी झाली की तशी राजाची व्हावी. मान म्हणून आलेल्या बारीक विणीच्या चटयांचा ढीग माणसाच्या उंचीएवढा झाला. देवाने आपला सेवक देवळाच्या दारात उचलला, असं सेउमानु बोलला आणि बायकांनी हंबरडा फोडला. दार हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून सिनापातीने मान वर केली होती. पण तो देवळाचंच बोलत होता.

महिन्याने गावच्या सभेत तिला बोलायला मिळालं. ती फार बोलली नाही.

"गाडीचं ते कुलूप काढा. ते नसतं तर मी ह्यांना बाहेर काढलं असतं."

सगळे चटईकडे बघत बसले. सेउमानुने घसा साफ केला. आवाज सायीसारखा मऊ होता. "बाई, दुःखात माणूस काहीही बोलतो, आम्ही ते मनावर घेत नाही. पेलेनातो येतच होता. तुम्ही जरा शांत बसला असतात, तर..." पुढचं त्याने सोडून दिलं. मग म्हणाला, "तो विषय आम्ही मिटवलाय. त्या गावाला डुकरीण आणि दहा चटया नेऊन दिल्या. त्यांच्या अर्पणाच्या दिवशी जो प्रकार झाला, त्याबद्दल डोकं टेकवून माफी मागितली."

"कुठला प्रकार?"

मागे बसलेल्या दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि सिनापातीला कळलं की गावाने माफी मागितली ती तिच्या फाटलेल्या झग्याबद्दल. तिच्या नवऱ्याबद्दल माफी मागण्यासारखं त्यांच्या हिशेबी काही झालंच नव्हतं.

पाद्री गेला की त्याच्या विधवेने घर सोडायचं असतं. ते घर गावाचं, पुढच्या पाद्रीचं. पुढचा पाद्री निवडेपर्यंत ती राहिली. सवाईहून तिचा भाऊ फोनोती सामान बांधायला आला. तो बस चालवतो, तोंडाचा फटकळ. लहानपणी तिने पाण्यात ढकलला होता तोच हा.

"मला दाखव तो खटका कसा असतो," ती म्हणाली.

त्याने गाडीचं मागचं दार उघडलं आणि कडेला बोट ठेवलं. "हा. वर केला की दार उघडं. नखाचं काम आहे." मग तो मागे गेला आणि डिकीच्या दारावर आतून एक प्लास्टिकचं झाकण होतं ते त्याने काढून दाखवलं. "आणि अडकलीस तर इथून. आत खटका आहे, ओढला की डिकी उघडते. बहुतेक गाड्यांना असतो. कुणी सांगितलं नाही तुला?"

ती त्या झाकणाकडे बघत राहिली. तिच्या सीटच्या मागे, मानाच्या चटयांआड, हे इतके दिवस होतं.

"कोण सांगणार?" ती म्हणाली. "ती जपानी बाई सांगत असेल रोज."

फोनोतीने झाकण परत बसवलं. "सेउमानुला मी सांगू का दोन शब्द?"

"तू बस चालव."

पेलेनातोला तिने विहिरीपाशी गाठलं. त्या दिवसापासून तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. खरं तर एलिसारासाठी मनापासून रडला असेल तर तो एकटाच.

"पेलेनातो, माझा नवरा परत दे म्हणत नाही मी. खटका वर कर, एवढंच. नवी बाई येईल ती पोटुशी आहे म्हणतात."

त्याचे डोळे भरले. "बाई, मी केलं तर मला गावाबाहेर काढतील. माझी पोरं आहेत."

"मी केलं तर?"

त्याने पोहरा विहिरीत सोडला. "मी बघितलंच नाही असं म्हणेन," तो म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी नवा पाद्री आला, आणि त्याची बायको एसेता, सव्वीस वर्षांची, सातवा महिना. गोड मुलगी. आल्या आल्या सिनापातीच्या गळ्यात पडली. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर सिनापातीने तिला गाडीपाशी नेलं, दोन्ही मागची दारं उघडली आणि तिच्यासमोर नखाने दोन्ही खटके वर केले. मग सगळं सांगितलं. काळ्या काचा, बँड, केक, हसणं. एसेता ओठ चावून रडली. तिने सिनापातीचा हात आपल्या पोटावर ठेवला.

"मी कुणाला हात लावू देणार नाही त्या खटक्यांना," ती म्हणाली. "तुमची शपथ."

त्या रात्री सिनापातीला कितीतरी दिवसांनी झोप लागली. इथून निघताना आपल्या हाताने एक तरी गोष्ट नीट झाली, असं तिला वाटलं. एका गावात आयुष्य काढून बाई एवढंच मागत होती.

सकाळी तिला सवाईच्या बोटीवर पोचवायला अख्खं गाव निघालं. पुढे पाद्रीची गाडी, मागे गाणी म्हणत दोन व्हॅन. शेवटचा मान म्हणून सिनापातीला मागच्या सीटवर बसवलं, शेजारी एसेता. नवा पाद्री पुढे. जपानी बाई बोलली, आज तिला आमेन म्हणायला कुणी नव्हतं. वाटेत एसेताने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. सिनापातीला वाटलं, रडू येत असेल.

धक्क्यावर गाडी थांबली. नवा पाद्री उतरून डीकन मंडळींकडे गेला. सिनापातीने ठरवलं होतं, इथे तरी मी माझी मी उतरणार. तिने कडी ओढली. कडी सैल हलली.

तिने दुसऱ्यांदा ओढली. मग ती वळली.

"मी सांगितलं पेलेनातोला," एसेता खाली बघत म्हणाली. "सकाळी. रागावू नका. रात्री बायका मला सांगत होत्या, त्या चेष्टेचं. तुम्ही उतरलात आणि गावाची मान खाली गेली ते. पहिल्याच दिवशी माझ्यामुळे तसं नको. मूल झालं की मग मी सांगेन त्यांना, हळूहळू."

"तू शपथ घेतली होतीस."

"तुम्ही तर आता जाताय," एसेता म्हणाली. वाईट मनाने नव्हे, तिला ते खरंच वाटत होतं.

पेलेनातोने बाहेरून दार उघडलं. सिनापाती उतरली, त्याने दार परत लावलं, आणि त्याच्याकडे न बघता तिने मागे जाऊन डिकीतून आपल्या दोन्ही पिशव्या उचलल्या.

"बाई, मी घेतो," तो म्हणाला.

"तू गाडीपासून हलायचं नाहीस. ती आत आहे. कळलं? तिथेच उभा राहा."

ती पिशव्या घेऊन चालू लागली. गाव बघत होतं. पाद्रीणबाई हमालासारखी दोन हातांत सामान घेऊन धक्क्यावरून चालल्यात, आणि दुसऱ्या गावची माणसंही बोटीच्या रांगेतून बघताहेत. तिच्या मागे सेउमानुचा आवाज आला. दबका, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पेलेनातो, लाज आहे का? बाईंना सामान उचलायला लावतोस? जा, धर."

पावलं धावत आली. पेलेनातोने तिच्या हातातून पिशव्या ओढून घेतल्या. तिने सोडल्या नाहीत, तेव्हा त्याने जोर लावला. ती म्हणाली, "परत जा." तो म्हणाला, "बाई, सगळे बघताहेत," आणि पिशव्या घेऊन बोटीकडे पळत सुटला.

सिनापातीने मागे वळून पाहिलं. गावकरी तिला निरोप द्यायला बोटीकडे सरकले होते, गाणं सुरू झालं होतं. गाडी धक्क्यावर उन्हात एकटी उभी होती, काचा बंद, आणि आत कोण बसलंय ते बाहेरून दिसत नव्हतं.